बोकड, शेळी आणि करडू

वहीच्या पानावर पट्टीने दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडलेले आहेत. पहिल्या रकान्यात निळ्या शाईने जर्मन शब्द, दुसऱ्यात त्याचा इंग्रजी अर्थ. तिसरा रकाना पेन्सिलीने भरलेला, अक्षर बारीक आणि घाईचं. त्यात मराठी.

"ह्ये तिसरं पुस्तकात न्हाई," वही माझ्या हातात देताना ती म्हणाली. "इंग्रजी वाचून अर्थ कळतो, पण डोक्यात बसत न्हाई. मग माझं मीच लिहिते."

धाराशिवहून तेरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत आम्ही बसलो होतो. तिने नर्सिंगचा जीएनएम केला आहे, शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात ती काम करते. रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी मोबाईल उभा करून जर्मनचा वर्ग ऐकते. शिकवणारी बाई दूरच्या शहरातली, शिकवणं इंग्रजीतून. जायचं अजून नक्की नाही, दवाखान्यात तिने सांगितलेलंही नाही, म्हणून नाव छापू नका म्हणाली.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'सीमोल्लंघन' हा विषय दिला, तेव्हा मला हीच सीमा बघावीशी वाटली. देशाची सीमा विमानाने तासाभरात ओलांडता येते. भाषेची सीमा ओलांडायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि ती अशा खोल्यांमध्ये, चाळीस वॅटच्या उजेडात ओलांडली जाते.

गोठ्यात काळीभोर शेळी बांधलेली होती. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत दोन करडं येऊन परत पळत होती.

दहा हजारांची गोष्ट

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी सामंजस्य करार केला. श्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. मोटारींचे मोठे कारखाने तिथे आहेत, आणि काम करणारी माणसं कमी पडत आहेत. महाराष्ट्रातून दहा हजार कुशल तरुणांना तिकडे पाठवायचं ठरलं. त्याच वर्षी जुलैमध्ये शासन निर्णय निघाला. परिचारिका, प्रयोगशाळा सहायक, वेटर, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, रंगारी, वाहनचालक अशी कामांची लांबलचक यादी त्यात होती. जर्मन शिकवण्याची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाकडे आली आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची, ज्यांना आपण 'डाएट' म्हणतो, त्यांची नावं पुढे आली. त्याच सालच्या ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतातल्या कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचं जाहीर केलं.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात या बातमीचा आवाज वेगळा येतो. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशभरातले जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्राचे चार होते आणि त्यातला एक हा. पाऊस बेभरवशाचा. घरटी एक तरी माणूस पुण्याला गेलेला. नोकरीसाठी गाव सोडणं इथे कुणाला नवं नाही, आणि नोकरीसाठी परकी भाषा शिकणं तर मुळीच नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. तलाठ्याचा कागद उर्दूत, शाळा उर्दूतून, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठही १९१८ पासून उर्दू माध्यमाचं. इथल्या कितीतरी घरांत असे आजोबा होऊन गेले, जे अभंग मराठीत म्हणायचे आणि अर्ज उर्दूत लिहायचे. उमरगा-नळदुर्गकडे कानडी कानावर पडतच असते. तुळजापुरात देवीच्या ओटीचं सामान विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा बघून मराठी, कानडी, तेलुगू, दखनी बदलतो. आणखी मागे गेलं तर तेर आहेच. गोरोबाकाकांचं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी 'तगर' या नावाने ग्रीक-रोमी व्यापाऱ्यांना माहीत होतं. इथलं कापड गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जायचं, असं त्या काळच्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पोथीत नोंदलेलं आहे. तेव्हाही कुणीतरी यवनांशी भावाची घासाघीस करण्यापुरती त्यांची भाषा शिकलंच असणार.

अशा मातीतल्या मुलीला जर्मन शिकवताना आपण आधी इंग्रजीच्या दारात नेऊन उभं करतो. हे चुकतं आहे असं मला वाटतं, आणि का वाटतं तेच पुढे सांगतो.

डेअर, डी, डास

इंग्रजी बोलणाऱ्यांनी जर्मन भाषेविषयी केलेल्या तक्रारी जुन्या आहेत. मार्क ट्वेनने १८८० मध्ये आपल्या प्रवासवर्णनाच्या शेवटी या भाषेच्या छळावर एक अख्खा निबंध जोडला. पहिली तक्रार लिंगाची. निर्जीव वस्तूंना लिंग कशाला? चमचा (लॉफल) पुल्लिंगी, काटा (गाबल) स्त्रीलिंगी, सुरी (मेसर) नपुंसकलिंगी, हे काय? आणि मुलगी, म्हणजे 'मेडशन', चक्क नपुंसकलिंगी?

इंग्रजीतून शिकवणारं प्रत्येक पुस्तक हा धडा घाबरवूनच सुरू करतं. या मुलीच्या पुस्तकातही पहिल्याच पानावर लिहिलं होतं की जर्मनमध्ये तीन लिंगं असतात, आणि हे अवघड आहे. तीही घाबरली होती.

मी तिला विचारलं, "तांब्या?"

"तो."

"वाटी?"

"ती."

"ताट?"

"ते." मग जरा थांबून म्हणाली, "अरे हो की!"

हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिलं, इंग्रजीने नामांचं लिंगच टाकून दिलं. मराठीने आणि गुजरातीने तिन्ही जपली. 'ते ताट, ते पातेलं, ते दार' म्हणताना मराठी पोर कधी अडखळत नाही. शब्दाच्या शेपटावरून लिंग ओळखायची सवयही आपल्याला आहे: 'आ'कारान्त बहुधा तो, 'ई'कारान्त बहुधा ती, अनुस्वाराचा 'ए' आला की ते. जर्मनमध्येही शेपटं आहेत. 'उंग', 'हाइट', 'काइट' असा शेवट असेल तर ती. 'शन' किंवा 'लाइन' असेल तर ते, कारण हे लहानपण दाखवणारे प्रत्यय आहेत आणि लहान ते नपुंसक. 'मेडशन' नपुंसकलिंगी होतं ते या 'शन'मुळे. आपण 'लेकरू रडतंय' म्हणतो तेव्हा ते लेकरू मुलगी असली तरी क्रियापद नपुंसकच लावतो. मालवणीत आणि कोकणीत तर मुलीला 'चेडू' म्हणतात आणि तेही नपुंसकलिंगीच. सावंतवाडीच्या माणसाला 'डास मेडशन'चं नवल वाटायचं काही कारण नाही.

मी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, पण या शेळीची जात देशभर अजून 'उस्मानाबादी' म्हणूनच ओळखली जाते. काळी, काटक, कमी चाऱ्यावर निभावणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी. तिच्या कुटुंबाला मराठीत तीन नावं आहेत: तो बोकड, ती शेळी, ते करडू. जर्मनमध्येही तीनच: डेअर बोक, डी त्सीगं, डास त्सिक्लाइन. तीन लिंगं, तीन प्राणी, क्रम तोच. आणि 'बोक' तर कानालाही किती जवळचा! तिने लगेच पेन्सिल घेतली. तिसऱ्या रकान्यात आधी 'करडू' लिहिलं आणि त्याला गोल केला.

यादी पाठ करावीच लागते, त्यातून सुटका नाही. सूर्य आपल्याकडे 'तो', त्यांच्याकडे 'ती झोनं'. प्रत्येक शब्दाचं लिंग नव्याने घोकावं लागेल. पण वस्तूला लिंग असतं ही कल्पनाच ज्याला परकी आहे त्याचं घोकणं वेगळं, आणि आईच्या दुधाबरोबर ती ज्याला मिळाली त्याचं वेगळं.

रुग्णालय, रुग्णवाहिका

दुसरी तक्रार लांब शब्दांची. वर्तमानपत्रांना आवडणारं उदाहरण म्हणजे त्रेसष्ट अक्षरी एक शब्द. जर्मनीच्या एका उत्तरेकडच्या राज्याने १९९९ मध्ये मांसावरच्या चिठ्ठ्यांच्या तपासणीविषयी कायदा केला आणि त्याचं नाव एका दमात, एकाच शब्दात लिहिलं. २०१३ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण गोष्ट उरली.

ज्याने लहानपणी समासविग्रह केला आहे, त्याला या शब्दांची भीती वाटायला नको. मी तिच्या वहीतलं एक पान शोधलं. 'क्रांक' म्हणजे आजारी. 'क्रांकनहाउस' म्हणजे आजाऱ्यांचं घर. 'क्रांकनवागन' म्हणजे आजाऱ्यांची गाडी. 'क्रांकनफ्लेगं' म्हणजे आजाऱ्यांची सेवा. शेजारच्या रकान्यात इंग्रजी: हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्स, नर्सिंग. तीन शब्द, तिन्हींचा एकमेकांशी दिसण्याजोगा संबंध नाही. आणि पेन्सिलीचा रकाना या ठिकाणी रिकामा होता, कारण दवाखान्यात राहून तिलाही हॉस्पिटल आणि ॲम्ब्युलन्सच सुचत होतं.

"रुग्णालय," मी म्हटलं. "रुग्णवाहिका. रुग्णसेवा."

एकच 'रुग्ण', पुढे जोडत जायचं. जर्मन हेच करते. मराठीने हे शब्द संस्कृतातून घडवले आणि पाट्यांवर ठेवले. जर्मनने घरातल्या शब्दांतून घडवले आणि ते तोंडात राहिले. जर्मन शब्द इतके साधे आहेत की शेतातला माणूसही फोडून सांगेल. डोळ्यांचा डॉक्टर 'आउगनआर्त्स्ट', दातांचा डॉक्टर 'त्सानआर्त्स्ट'. इंग्रजीत डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव ग्रीकमधून येतं आणि लिहिताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. रक्तदाब म्हणजे 'ब्लूटड्रुक': ब्लूट रक्त, ड्रुक दाब, क्रमही तोच. मधुमेहाला डायबेटिस म्हणतातच, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी 'त्सुकरक्रांकहाइट' हा शब्दही असतो, साखरेचा आजार. आपल्याकडे ओपीडीच्या रांगेतली आजी 'मला शुगर हाय' म्हणते, तोच विचार. आणि नर्सच्या हातातले ते रबरी 'ग्लव्हज'? जर्मन म्हणतो 'हान्टशू', हाताचा बूट. आपण म्हणतो हातमोजा.

खुद्द 'नर्स' या शब्दाची गोष्ट तर सांगायलाच हवी. आपल्याकडे दवाखान्यात तिला 'सिस्टर' अशी हाक मारतात, जर्मनीत 'श्वेस्टर'. श्वेस्टर, सिस्टर आणि संस्कृतातली 'स्वसृ' या एकाच घरच्या. संस्कृत आणि युरोपी भाषांचं हे नातं पद्धतशीर मांडणाऱ्यांत फ्रान्झ बॉप हा जर्मन पंडित पुढे होता. त्याचा ग्रंथ १८१६ चा. आठ आणि 'आख्ट', नऊ आणि 'नॉइन', नख आणि 'नागल', विधवा आणि 'व्हिट्वं', तू आणि 'डू', हे सगळे त्याच गोतावळ्यातले. जर्मन कायद्याने मात्र २०२० पासून परिचारिकेचं अधिकृत पदनाम बदलून 'फ्लेगफाखफ्राउ' केलं, पुरुषासाठी 'फ्लेगफाखमान'. सेवेतली तज्ज्ञ व्यक्ती, असा त्याचा रोख. म्हातारे रुग्ण अजून 'श्वेस्टर'च म्हणतात.

मला थंडी वाजते

खरी मोलाची जागा पुढची आहे, आणि परिचारिकेला तर ती रोज लागणार.

इंग्रजीत थंडी वाजली की माणूस स्वतः कर्ता होतो: 'मी थंड आहे', अशी ती रचना. इंग्रजीतून जर्मन शिकलेला तेच शब्दशः करतो, 'इश बिन काल्ट', आणि ते चुकतं. त्याचा अर्थ होतो, मी भावनाशून्य माणूस आहे. उकडतंय म्हणून 'इश बिन हाइस' म्हटलं तर भलताच अर्थ निघतो आणि ऐकणारा चपापतो. बरोबर जर्मन आहे 'मीअर इस्ट काल्ट'. 'मीअर' म्हणजे मला. मला थंड आहे.

मराठीत दुसरं काय म्हणतात? मला थंडी वाजते. मला मळमळतं: 'मीअर इस्ट यूबल'. मला चक्कर येते: 'मीअर इस्ट श्विंडलिश'. मला हे आवडतं: 'एस गेफेल्ट मीअर'. जे शरीराला होतं, मनाला होतं, त्याचा कर्ता मी नव्हे, ते मला होतं. हा चतुर्थीचा विचार मराठीच्या हाडात आहे. शाळेत 'स, ला, ते' घोकताना कुणी सांगितलं नाही की ही पुंजी परदेशातही चालते.

मी हे सांगितलं तेव्हा ती पटकन काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या मॅडम म्हणाल्या, ह्ये डेटिव्ह केस हाय, एक्सेप्शन हाय, पाठ करा. मी चार दिवस पाठ केलं ओ."

चार दिवस, जे तिला जन्मापासून येत होतं ते शिकण्यासाठी.

जेवले की!

जर्मनमध्ये 'डोख' नावाचा एक चिमुकला शब्द आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना तो वर्षानुवर्षं पकडता येत नाही, कारण इंग्रजीत त्याला जोडच नाही. कुणी नकारार्थी विचारलं, आणि उत्तर होकारार्थी असेल, की 'या' (हो) म्हणून भागत नाही. 'डोख' म्हणायचं.

आम्ही बोलत असताना तिच्या आईने आतून आवाज दिला, "अजून जेवली न्हाईस व्हय गं?"

"जेवले की!"

हाच तो डोख. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे 'की'शिवाय वाक्य पुरं होत नाही. 'बस की', 'चल की', 'घे की अजून थोडं'. जर्मन माणूस आग्रह करताना म्हणतो 'कॉम डोख!' ये की! आमच्या भागातल्या पोरांना पुण्यात या 'की'वरून ऐकून घ्यावं लागतं, गावंढळ म्हणून. तोच 'की' बर्लिनच्या जेवणाच्या टेबलावर 'डोख' होऊन बसला आहे. असाच 'माल' हा शब्द. 'कॉम माल हेर' म्हणजे जरा इकडे ये. आपल्या 'जरा'ने आज्ञेची धार जशी कमी होते, तशीच त्यांच्या 'माल'ने.

'डू' आणि 'झी' यांचंही तसंच. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. जर्मनमध्ये घरच्यांना, मित्रांना 'डू', परक्याला 'झी'. आपलं तू आणि तुम्ही. आदरासाठी अनेकवचन वापरायची रीतही सारखी. आपण 'वडील आले' म्हणतो, 'आला' नव्हे. त्यांचा आदरार्थी 'झी' मुळात 'ते लोक' याच सर्वनामातून आला. मात्र इथे एक काटा आहे. आपली सिस्टर रुग्णाला मावशी, काका, आजी म्हणते आणि त्या एका हाकेने निम्मी भीती घालवते. जर्मनीत ही नाती चालत नाहीत. तिथे 'फ्राउ' किंवा 'हेअर' आणि पुढे आडनाव. म्हातारीलाही आडनावानेच हाक मारायची, आणि 'झी' म्हणायचं. हे व्याकरणाहून जड जातं. "आजी न म्हणता इंजेक्शन कसं द्यायचं?" असं तिने विचारलं आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

पंचाहत्तर आणि साडेतीन

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी परोपरीने सांगितलं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडखळतात. त्या वेळी फार थोड्यांना माहीत होतं की हाच वाद जर्मनीत आधीपासून चालू आहे. जर्मन एकवीसला 'आइनउन्टत्स्वान्त्सिश' म्हणतात, एक आणि वीस. बोखुमच्या विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक लोथार गेरिट्झन यांनी २००४ मध्ये एक संस्थाच स्थापन केली. तिचं नाव 'त्स्वान्त्सिशआइन्स', म्हणजे वीस-एक. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णयानेच क्रम फिरवला.

मुद्दा कुणाचाही बरोबर असो, इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याचा आकड्यांवर हमखास घात होतो. कानावर 'फ्युन्फउन्टझीब्त्सिश' पडतं, हात आधी पाच लिहितो, आणि पंचाहत्तरचे सत्तावन्न होतात. औषधाच्या मात्रेत ही चूक किती महाग पडेल ते सांगायला नको. मराठी कानाला 'पंचाहत्तर' हे पाच आणि सत्तर असंच ऐकू येतं. आपल्याकडे फक्त एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ या पायऱ्यांशी जपावं लागतं, कारण तिथे आपण पुढच्या दशकातून एक वजा करतो. अट एकच, की मुलाला मराठी आकडे येत असावेत. तिचा नववीतला भाऊ तिथेच बसला होता. त्याला मी अडुसष्ट लिहायला सांगितलं. त्याने बहिणीकडे बघून विचारलं, "सिक्स्टी एट का?"

वेळ सांगण्यात तर आणखी मजेचं साम्य आहे. 'हाल्ब फीअर', शब्दशः अर्धे चार, म्हणजे साडेतीन. इंग्लंडातल्या बोलीत 'हाफ फोर' म्हणजे साडेचार, त्यामुळे इंग्रज माणूस जर्मनीत तासभर उशिरा पोचतो. जर्मन माणूस चौथ्या तासाचा अर्धा भाग मोजतो. आपला 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'मधून आला, अर्धा तिसरा; जुन्या जर्मनमध्ये अडीचला 'ड्रिटहाल्ब' म्हणत, अर्धा तिसराच. दीडला आजही 'आन्डरटहाल्ब' म्हणतात, अर्धा दुसरा. आणि दक्षिण जर्मनीत, म्हणजे आपली मुलं जाणार त्याच भागात, पावणेचारला 'द्राइफिर्टल फीअर' म्हणतात: चौथ्याचे तीन पाव. पावकी-निमकीचे पाढे म्हटलेल्या पिढीला हे ऐकून बरं वाटेल.

या पाव-सव्वाचा हिशोब आमच्याकडे देवालाही लागू आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. सव्वादहा महिने तो अणदुरात राहतो, पावणेदोन महिने नळदुर्गात. खंडोबाचं नाव निघालं की गुंथर सोन्थायमर आठवतात. हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवणारे हे जर्मन अभ्यासक मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर राहिले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. १९९२ मध्ये ते गेले. हायडेलबर्ग हे शहर बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्येच येतं. त्या राज्यातून एक माणूस धनगरांची मराठी शिकायला आला होता. आता इथली मुलं उलट्या दिशेने निघाली आहेत.

जिथे मराठी पुरत नाही

सगळंच सोपं आहे असं सांगितलं तर ती फसवणूक होईल. मराठीत 'द' किंवा 'अ'सारखी उपपदं नाहीत, जर्मनमध्ये विभक्तीचं सगळं ओझं त्यांच्यावरच असतं. आपण 'घोडा'चं 'घोड्याला' करतो, बदल नामाच्या अंगावर होतो. जर्मनमध्ये नाम बहुतेक जागच्या जागी उभं राहतं आणि समोरचा 'डेअर' कधी 'डेन' होतो, कधी 'डेम'. डोळा आपोआप शब्दाच्या शेवटाकडे जातो आणि खूण सुरुवातीला असते. ही सवय मोडायला महिने लागतात.

क्रियापदाची जागा अर्धी आपली, अर्धी परकी. साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागेवर येतं. पण 'वाइल' म्हणजे 'कारण' म्हटलं, की ते मराठीसारखं शेवटी जाऊन बसतं: 'वाइल इश मॉर्गन नाख पुणे फारं', कारण मी उद्या पुण्याला जाते. एकेका शब्दाखाली बोट ठेवून तिने हे वाक्य मराठीत वाचलं, आणि 'नाख पुणे' एवढीच अदलाबदल तिला करावी लागली.

त्याहून कठीण म्हणजे तुटणारी क्रियापदं. 'ह्योरन झी त्सू' म्हणजे नीट ऐका. 'ह्योरन झी आउफ' म्हणजे थांबवा. सगळं वाक्य संपेपर्यंत कान शेवटच्या तुकड्यासाठी राखून ठेवावा लागतो, आणि मध्ये दहा शब्द येऊ शकतात.

उच्चारात एक गोष्ट फुकट मिळते. इंग्रजी बोलणाऱ्याला शब्दाच्या सुरुवातीचा 'त्स' जड जातो. आपल्या 'चूल', 'चोर', 'चाक' यांतला दंत्य च तोच आहे. 'त्सूग' म्हणजे आगगाडी हा शब्द ती पहिल्या झटक्यात बरोबर म्हणाली. ओठ गोल करून काढायचे स्वर मात्र शिकावेच लागतात, त्याला मराठीत आधार नाही.

इंग्रजीच्या चकव्यांपासूनही जपावं लागतं. 'वेअर' म्हणजे कोण, 'वो' म्हणजे कुठे. 'बेकॉमन' म्हणजे मिळणे. 'गिफ्ट' म्हणजे विष. 'रेत्सेप्ट' म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी.

आणि सगळं शिकून बाडेन-व्युर्टेम्बर्गला उतरलं की तिथे वर्गातली जर्मन बोलतच नाहीत. आम्हाला प्रमाण जर्मन सोडून बाकी सगळं जमतं, अशी जाहिरात त्या राज्याने स्वतःच १९९९ पासून केली. श्वेबिश बोलीत लाडक्या वस्तूला 'ले' लावतात, हाउसचं 'हॉइस्ले'. 'टेपिश' म्हणजे एरवी जाजम, तिथे अंगावरचं पांघरूण. 'हेबन' म्हणजे एरवी उचलणे, तिथे धरणे. खाटेवरच्या रुग्णाच्या बाबतीत या दोहोंत केवढा फरक! आणि 'फूस' म्हणजे एरवी फक्त पाऊल, तिथे कमरेपासून खाली सगळा पाय. मराठी 'पाय'ही तेवढाच लांब आहे. 'काय करलालास?' असं विचारणाऱ्या गावातून पुण्यात जाऊन ज्याने प्रमाण मराठीशी जुळवून घेतलं, त्याला बोली आणि पुस्तक यांतलं अंतर माहीत असतं. ते अंतर तो तिथेही पार करील.

तिसरा रकाना

तिकडे जायचं तर जर्मनची परीक्षा द्यावी लागते. तिचे चार भाग असतात: वाचणे, ऐकणे, लिहिणे, बोलणे. बी-वनच्या पायरीला प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण हवेत. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-टूपर्यंत जावं लागतं. गोएथे इन्स्टिट्यूटचं केंद्र, ज्याला आपण माक्स म्युलर भवन म्हणतो, ते तिला जवळचं म्हणजे पुण्याचं. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीच्या गाडीने जायचं, परीक्षा देऊन रात्रीच्या गाडीने परत. एका विभागात गुण कमी पडले तर तेवढ्यासाठी पुन्हा फी, पुन्हा गाडी, पुन्हा रजा. इंग्रजीच्या वळणाने गेल्यामुळे वाया जाणाऱ्या चार-चार दिवसांची किंमत अशी मोजायची असते.

म्हणून दोघांना विनंती आहे. जे जिल्ह्याजिल्ह्यात जर्मन शिकवत आहेत किंवा शिकवणार आहेत, त्यांनी गावातल्या शाळेत मराठी व्याकरण शिकवणाऱ्या एका तरी गुरुजींना किंवा बाईंना सोबत घ्यावं. आणि मराठीच्या शिक्षकांनीही आपणहून त्या वर्गात जावं. विभक्ती, समास, तीन लिंगं, दंत्य च, हे तुम्ही वर्षानुवर्षं शिकवत आला आहात. चार संध्याकाळी एकत्र बसलात तर शंभर पानांचं एक पुस्तक तयार होईल, डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी. ते धाराशिवलाही लागेल, लातूरलाही, नंदुरबारलाही. ज्यांना लिहायचं असेल त्यांच्यासाठी पहिलं पान तयारच आहे.

मी निघालो तेव्हा तिने वहीत नवी रेघ मारली होती. या वेळी रकाने दोनच होते.